पाच रिमोट आणि एक हिरवं बटण

आमच्या काळेवाडीच्या घरात टीव्ही लावायला अकरा पायऱ्या होत्या. आकडा अंदाजाचा नाही, त्या पायऱ्या मीच लिहिल्या होत्या. कंपनीत मशीनशेजारी कामाची पद्धत लावलेली असते, तसा एक कागद प्लास्टिकमध्ये बंद करून टीव्हीच्या बाजूला चिकटवला होता. पहिली पायरी, भिंतीवरचं बटण चालू करणे. दुसरी, एक्स्टेंशन बोर्डवरची चारही बटणं डावीकडून उजवीकडे चालू करणे. तिसरी, सेट टॉप बॉक्सचा लाल दिवा हिरवा होईपर्यंत थांबणे, एक मिनिट पन्नास सेकंद. मग रिमोट. टीव्हीचा एक, बॉक्सचा एक, ॲम्प्लिफायरचा एक, डिस्क प्लेअरचा एक, आणि पाचवा एका लहान डबीचा, जी टीव्हीला कधी या वस्तूची तार जोडते, कधी त्या. पाचही रिमोटवर मी आकडे चिकटवले होते.

हे सगळं सामान एकदम आलेलं नव्हतं. ॲम्प्लिफायर एका वर्षी, पुढचे तीन स्पीकर दुसऱ्या वर्षी, मागचे दोन त्यानंतर, असं आठ वर्षांत जमवलं होतं. प्रत्येक वस्तूचा दुसरीशी मेळ मी घातला होता आणि त्याचा मला अभिमान होता. बोर्ड बंद करण्याचा नियमही माझाच. मीटर लावून पाहिलं, तेव्हा सगळं नुसतं झोपलेलं असतानाही एकतीस वॅट खात होतं. महिन्याला बावीस युनिट, कुणी काही बघत नसताना. चाकणच्या कंपनीत मी देखभाल विभागात आहे, बावीस वर्षं झाली. न चालणाऱ्या यंत्राने वीज खावी हे मला बघवत नाही.

अडचण आईची होती. ती दिवसभर घरी एकटी. बायको शाळेत, ती सहाला येणार. माझी पहिली शिफ्ट, मी साडेचारला पोहोचायचो. दार उघडलं की आई काळ्या पडद्यासमोर बसलेली दिसायची. कागद तिने वाचून पाहिला होता, चौथ्या पायरीपर्यंत. चौथीत दोन नंबरच्या रिमोटचं वरचं डावं बटण होतं. ते दाबेपर्यंत बॉक्सचा दिवा हिरवा झालेला नसायचा, मग तिला वाटायचं आपलंच काही चुकलं, आणि ती सगळं बंद करून बसायची.

"लागंना मला," ती म्हणायची. "राहू दे. मी बसलेव की. तू आलास की लाव."

मी बूट काढायचो, हात धुवायचो आणि अकरा पायऱ्या चढायचो. तिची मालिका लागायची. ती म्हणायची, आला बाई आवाज. बायको मला एकदा म्हणाली होती, "अहो, त्यांना टीव्ही हवाय, तुमचं प्रात्यक्षिक नकोय." मी तिला तिसरी पायरी का टाळता येत नाही ते समजावून सांगितलं. खरं सांगायचं तर ते साडेचारचं मला आवडायचं. कुणीतरी आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलंय आणि आपल्यावाचून त्याचं अडलंय, हे कंपनीत रोज असतं; पण तिथे मशीन अडलेलं असतं. इथे आई होती.

धाकटा भाऊ निघोजेत राहतो. कंपन्यांना माल पाठवायला लाकडी पॅलेट लागतात, ते बनवायचा त्याचा धंदा आहे. तिथेच त्याने बंगला बांधला आणि तळमजल्यावरची एक पूर्ण खोली टीव्हीला दिली. गौरी त्याच्याकडे असतात. आई दरवर्षी त्यासाठी आठ दिवस जाते. त्या वर्षीही गेली.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी त्याने सगळ्यांना त्या खोलीत नेलं. भिंतभर टीव्ही, पाच स्पीकर, कपाटात एकावर एक रचलेली उपकरणं, पाठ टेकली की पाय वर येणाऱ्या खुर्च्या. त्याने एकच रिमोट आईच्या हातात दिला. त्यावर वर एक मोठं बटण. म्हणाला, "आई, एवढंच दाब. बाकी ते त्याचं त्याचं बघतं."

तिने दाबलं. खिडकीचा पडदा सरकला, दिवे मंद झाले, चित्र आलं, आवाज आला. मी घड्याळ बघितलं, नऊ सेकंद. तिने बंद केलं. परत लावलं. असं चार वेळा केलं आणि चौथ्या वेळी ती हसली. ते हसू माझ्या ओळखीचं नव्हतं. माझ्या टीव्हीसमोर ती कधी अशी हसली नव्हती.

मी कपाटाच्या मागे जाऊन तारा बघितल्या. ओढून-ताणून बांधलेल्या, एकीवरही चिठ्ठी नाही. बाकीचे रिमोट कुठे आहेत विचारलं, तर म्हणाला बसवणाऱ्याने पिशवीत घालून दिलेत, माळ्यावर असतील. झोपलेलं असताना किती वॅट खातं विचारलं. त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही याचं काही वाटतही नव्हतं. माझ्या भावाला कधीच कशाची माहिती नसते आणि त्याचं कधीच काही अडत नाही. लहानपणी सायकलची साखळी मी बसवायचो आणि चक्कर तो मारायचा.

आठ दिवस झाले. आई म्हणाली, पितृपंधरवडा इथंच काढते. मग म्हणाली, आता घट बसतील, ते झाले की बघू. मी रोज साडेचारला फोन करायचो. ती म्हणायची, "थांब जरा, जाहिरात लागू दे." मी थांबायचो. फोनमधून मालिकेचं संगीत ऐकू यायचं, पाचही स्पीकरचं. जाहिरात लागली की ती बोलायची, आणि जाहिरात संपली की म्हणायची बरं ठेवते.

घरी टीव्ही लावावासा वाटेना. मी खुर्चीत बसायचो, कागदावरच्या पायऱ्या समोर दिसायच्या. भावाकडे एक, आमच्याकडे अकरा. माझं सामान त्याच्यापेक्षा चांगलं होतं, माझे स्पीकर सरस होते, जोडणी नीट होती. पण आई तिकडे होती.

खंडेनवमीपर्यंत तेहेतीस दिवस झाले.

आता जे झालं ते आईमुळे झालं. आमचं कुटुंब मराठवाड्यातून इकडे आलं, तेव्हा वडील गोदामात लागले आणि आई भोसरीच्या एका शेडमध्ये प्रेसवर. पत्र्याचे वॉशर पाडायचं काम, एकोणीस वर्षं. खंडेनवमीला शेडचं मुख्य बटण बंद व्हायचं, प्रेस धुऊन पुसून तिला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची, आणि दसऱ्याच्या पूजेनंतरच यंत्र परत चालू व्हायचं. मध्ये कुणी बोटही लावायचं नाही. भावाच्या आवारात करवती आणि खिळे मारायची यंत्रं अशीच पुजली गेली. मग आई म्हणाली की आत ते एवढं मोठं यंत्र आहे, रोज राबतंय, त्याला का वगळायचं. भावाने खोलीचं मुख्य बटण बंद केलं. कपाटाला माळ, ॲम्प्लिफायरला कुंकवाचं बोट, समोर नारळ. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर बटण चालू केलं आणि आईने तिचं मोठं बटण दाबलं.

दुपारी भावाचा फोन आला. "दादा, आमच्या टीव्हीला पूजा लागली बघ. चित्र आलं तर आवाज नाय, आवाज आला तर चित्र नाय. तू ये बाबा."

सोनं द्यायला संध्याकाळी जायचंच होतं. बायकोला बरं नव्हतं म्हणून मी एकटाच निघालो. आपट्याची पानं एका खिशात आणि टेस्टर दुसऱ्या खिशात. तळवड्याच्या चौकात गर्दीत अडकलो होतो, तरी चिडचिड झाली नाही. उलट मजेत होतो.

आई त्या खोलीत बसली होती. समोर मालिकेतल्या बायका तोंड हलवत होत्या, आवाज नव्हता. "मुकी झाली बघ," आई म्हणाली. मी रिमोटचं मोठं बटण दाबलं. चित्र गेलं, आवाज आला. परत दाबलं. आवाज गेला, चित्र आलं.

दोन वेळा दाबल्यावर मला कळलं. तो एक रिमोट सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो: चालू असशील तर बंद हो, बंद असशील तर चालू हो. कोण चालू आहे, कोण बंद आहे, हे तो बघत नाही. रोज सगळे बरोबर उठतात, बरोबर झोपतात, म्हणून निभावत होतं. पूजेनंतर वीज आली तेव्हा टीव्ही आपोआप जागा झाला आणि ॲम्प्लिफायर झोपलेलाच राहिला. दोघांची पावलं चुकली. आता रिमोट एकाला उठवायचा तेव्हा दुसऱ्याला झोपवायचा. उपाय एवढाच, चित्र चालू असताना ॲम्प्लिफायरवरचं बटण बोटाने एकदा दाबायचं. ते बटण माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, त्याच्यावर कुंकू होतं.

मी ते दाबलं नाही.

झाकण उघडलं, आत बॅटरी मारली, थोडा वेळ बघितल्यासारखं केलं. मग खाली मान घालून म्हणालो, "रिले गेलेला दिसतोय. आतला चालू-बंद करणारा. पार्ट मागवावा लागेल."

"किती दिवस?" आईने विचारलं.

"आठ तरी."

भाऊ डोकं खाजवत म्हणाला, आई, तोवर वरच्या लहान टीव्हीवर बघ. आईने जिन्याकडे पाहिलं, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाली, "नगं. आठ दिवस मोठ्याकडं जाते. त्याचा तरी बोलतोय."

बावीस वर्षांत मी लॉगबुकात एकही खोटं रीडिंग लिहिलेलं नाही. वर्षाच्या शेवटी तपासणीला येणारे लोक माझी पानं सोडून पुढे जातात. परतताना आई शेजारी बसून झोपली होती, तिच्या मांडीवर कपड्यांची पिशवी होती, आणि मला चोरी करून आल्यासारखं वाटत होतं. तरी गाडी वळवावी असं एकदाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिफ्टवर होतो आणि आई पुन्हा काळ्या पडद्यासमोर. साडेचारला आलो, पायऱ्या चढलो. मी तिसऱ्या पायरीवर एक मिनिट पन्नास सेकंद थांबलो होतो, तेव्हा तिने हातातल्या अदृश्य रिमोटचं बटण दाबल्यासारखा अंगठा हलवला. मला ते दिसलं. आठ दिवसांनी ही परत जाणार, हे तेव्हाच मला स्पष्ट झालं.

म्हणून मी तिच्यासाठी बटणांचा एक डबा बनवायला घेतला. भोसरीच्या दुकानातून सामान आणलं. कंपनीच्या स्टोअरमधून एक स्क्रूही घेतला नाही. खोटं बोललो होतो, पण तेवढं राखलं. दोन संध्याकाळी आणि एक रविवार लागला. पत्र्याचा एक डबा, वर दोन बटणं, यंत्रावर असतात तसलीच, एक हिरवं आणि एक लाल, तळहाताने दाबली तरी लागणारी. आत एक छोटं साधन, जे पाचही रिमोटचे इशारे शिकलेलं. आणि प्रत्येक वस्तूच्या वायरीवर एक कडं, जे वीज वाहतेय की नाही ते बघतं. हिरवं दाबलं की डबा आधी बघतो कोण झोपलंय, आणि फक्त त्यालाच उठवतो. लाल दाबलं की जे जागे आहेत तेवढ्यांनाच झोपवतो. पावलं चुकायचा प्रश्नच नाही. भावाच्या रिमोटला जे जमत नव्हतं ते याला जमत होतं, आणि डबा बनवताना हीच गोष्ट माझ्या डोक्यात सारखी फिरत होती.

एका ठिकाणी मला माघार घ्यावी लागली. सेट टॉप बॉक्सला उठायला एक मिनिट पन्नास सेकंद लागतात, त्यावर काही उपाय नाही. तो कायम जागा ठेवावा लागला. मीटर लावलं, बारा वॅट. चोवीस तास, कुणी बघत नसताना. बाकी सगळं डबा मुळापासून बंद करतो, पण हे बारा वॅट मी सोडून दिले.

आईने डबा पाहिला आणि आधी देवघरातून हळदकुंकू आणलं. दोन्ही बटणांच्या मध्ये एक बोट लावलं. मग खुर्चीत बसली, आणि डब्याकडे न बघता, टीव्हीकडे बघत, अंगठ्याखालच्या मांसल भागाने हिरवं बटण दाबलं. ती बटण दाबायची तिची पद्धत होती. एकोणीस वर्षांची. मी लहानपणी शेडच्या दारात जेवणाचा डबा घेऊन उभा असायचो, तेव्हा ती अशीच समोर बघत दाबायची.

चौदा सेकंदात चित्र, सतरा सेकंदात आवाज.

"एवढंच?" ती म्हणाली. "मग ते कागदावर काय काय लिहून ठेवलतंस?"

बायको स्वयंपाकघरात हसली. मी कागद काढून टाकला. चिकटपट्टीचे चार डाग भिंतीवर राहिले.

नववा दिवस उजाडला. आईने निघायची गोष्ट काढली नाही, मीही नाही. दहाव्या दिवशी मी चहा पीत होतो. तिने लाल बटण दाबून टीव्ही बंद केला, मालिका चालू असताना. असं ती कधी करत नाही.

"त्या पार्टाचं काय झालं रे?"

"येईल. मागवलाय."

"मागवलास?"

मी कपाकडे बघत होतो.

"आमच्या शेडमधी एक फिटर होता," ती म्हणाली. "प्रेस बंद पडली की झाकण उघडायचा, बॅटरी मारायचा, आन् खाली मान घालून म्हणायचा पार्ट लागतोय. दोन दिवस बसून ऱ्हायचा. खरंच पार्ट लागायचा तवा वर बघून सांगायचा. आमाला समद्या बायकांना ठावं होतं."

मी कप खाली ठेवला.

"तू त्या दिशी खाली बघून बोललास. मला तवाच कळलं. तरी आले." तिने डब्यावरचं कुंकू बोटाने सारखं केलं. "मला इथं बसवायचं होतं तर बस म्हणायचं. धाकट्याचा टीव्ही कशाला बंद पाडायलास?"

मी म्हणालो की मी बंद पाडला नाही, तो पूजेने पडला होता, मी फक्त लावला नाही. ती म्हणाली, तेच ते.

त्या रविवारी मी तिला घेऊन निघोजेला गेलो. भाऊ, त्याची बायको आणि आई, तिघं त्या खोलीत उभे होते. पिशवीतून काही काढायचं नाटक मी केलं नाही. चित्र चालू होतं, आवाज नव्हता. मी ॲम्प्लिफायरचं बटण दाबलं आणि खोली आवाजाने भरली.

"पार्ट?" भावाने विचारलं.

"पार्ट लागतच नव्हता. मला दसऱ्यालाच कळलं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या बायकोने आवाज कमी केला. मला वाटलं तो चिडेल, आणि चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो म्हणाला, "अरे भल्या माणसा, आईला न्यायचं होतं तर तसं सांगायचं ना. कंपनीत पण असंच करतो का?" आणि हसत सुटला. त्याचं कधीच काही अडत नाही. बारा दिवस तो वरच्या लहान टीव्हीवर बातम्या बघत होता आणि त्यालाही काही वाटलं नव्हतं. घरी येईपर्यंत मला त्या हसण्याचाही हेवा वाटत राहिला. मला तसं हसता आलं नसतं.

आईचं एक मागणं होतं, तसाच डबा इकडंही बसव. पुढच्या खंडेनवमीला परत पूजा करायची आहे, तेव्हा परत मुका व्हायला नको. मी दुसरा डबा बनवला. दिवाळीच्या सुट्टीत बसवला, तारांना चिठ्ठ्या लावल्या. त्याचं सामान नवीन आहे, चित्र आठ सेकंदात येतं. माझ्याकडे चौदा. मी वहीत लिहून ठेवलंय, पण त्याला सांगितलेलं नाही.

आता आई एक महिना इथे आणि एक महिना तिथे असते. तिने स्वतःच ठरवलं. आमच्या दोघांपैकी कुणालाही विचारलं नाही.

इथे असते तेव्हा मी साडेचारला येतो. जिन्यातच मालिकेचा आवाज ऐकू येतो, पाचही स्पीकरचा. दार उघडतो, बूट काढतो, हात धुतो. मग करायला काही नसतं. आई मागे न बघता हात वर करते, म्हणजे मी आलेला तिला कळलंय.

"बस," ती म्हणते. "जाहिरात लागली की बोलू."

मी बसतो आणि जाहिरात लागायची वाट बघतो.